कॉर्ड सुटी ओळखू येते, गाण्यात मात्र निसटते : वारंवार येणारी एक अडचण आणि तिच्यावरचा उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. कीबोर्डवर एखादी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, सुटी वाजवून दाखवली तर ती मेजर (मूळ स्वराला सा मानले तर शुद्ध गंधाराची) आहे की मायनर (कोमल गंधाराची) हे लगेच सांगता येते, सरावाच्या ॲपवर बहुतेक उत्तरे बरोबर येतात, पण प्रत्यक्ष गाणे सुरू झाले की कोणती कॉर्ड आली आणि ती कधी बदलली याचा पत्ता लागत नाही. चार दिवस खर्च करून एक गाणे बसवले तरी दुसऱ्या गाण्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. नाशिकमध्ये मी बरीच वर्षे पेटी आणि कीबोर्ड शिकवते. गिटार घेऊन येणारी महाविद्यालयातली मुले, गणेशोत्सवात वाद्यवृंदाला साथ करणारे हौशी वादक आणि पंचवटीतल्या भजनी मंडळात पेटीवर बसणारे ज्येष्ठ या तिन्ही प्रकारच्या लोकांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे. म्हणून तिची कारणे आणि उपाय येथे सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगते. या लोकांचा कान कच्चा नसतो. तो चालीच्या मागे जाण्यात तरबेज झालेला असतो आणि त्यामुळे चालीखाली काय हलते आहे तिकडे त्याचे लक्ष जात नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला कॉर्ड कळत नाहीत, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. माझा अनुभव याच्या उलट आहे. षड्ज धरून ठेवण्याची सवय हीच कॉर्ड ओळखण्याची सर्वांत भरवशाची मोजपट्टी आहे. फक्त ती कॉर्डला लावून पाहायला कोणी शिकवलेले नसते.

मूळ उपायाकडे वळण्यापूर्वी दोन बाहेरची कारणे तपासून बाजूला ठेवावीत. पहिले कारण म्हणजे मोबाईलचा स्पीकर. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते आणि मोबाईलचा चिमुकला स्पीकर काही शे हर्ट्झच्या खालचे फारच थोडे ऐकवतो. वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालच्या स्वराचा अंदाज बांधतो हे खरे असले, तरी शिकाऊ कानाने अंदाजावर विसंबू नये. बरे हेडफोन लावल्याशिवाय हा सराव करूच नये. निम्म्या लोकांची अडचण तेवढ्यानेही हलकी झालेली मी पाहिली आहे. दुसरे कारण म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण आपल्या वाद्याच्या पट्टीत नसणे. जुनी ध्वनिमुद्रणे किंचित वेगाने किंवा संथ चालवली गेल्यामुळे पांढरी चार आणि काळी तीन अशा दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी असतात आणि मग कीबोर्डवरची कोणतीच कॉर्ड जुळत नाही. अशा वेळी कीबोर्ड बंद करून केवळ गळ्याने काम करावे. पुढे सांगितलेल्या पद्धतीला वाद्याची गरज पडत नाही.

आता खऱ्या कारणाकडे येऊ. गाणे ऐकताना शिकणारा चालीचा स्वर पकडतो आणि तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती कॉर्ड लावून मोकळा होतो. कॉर्डचा क्रमांक ती सप्तकातल्या कितव्या स्वरावर उभी आहे त्यावरून ठरतो : सा वरची पहिली, ध वरची सहावी. चालीत गंधार आला की तो पहिली कॉर्ड धरतो, कारण सा-ग-प मध्ये गंधार आहे. परंतु गंधार सहाव्या कॉर्डमध्ये म्हणजे ध-सा-ग मध्येही आहे आणि तिसऱ्या कॉर्डमध्ये म्हणजे ग-प-नि मध्येही आहे. सप्तकातला प्रत्येक शुद्ध स्वर अशा तीन-तीन कॉर्डमध्ये येतो, त्यामुळे चालीच्या स्वरावरून कॉर्ड ठरवणे म्हणजे तीनातून एक चिठ्ठी उचलणे होय. कधी ती बरोबर निघते, आणि ती कधीतरी बरोबर निघते म्हणूनच ही सवय सुटत नाही.

यावर उपाय असा आहे. चाल सोडून द्यावी, गाण्याचा सा शोधावा आणि तो ओठ मिटून, गाण्यापेक्षा हळू आवाजात, सबंध गाणेभर गुणगुणत राहावे. चाल कुठेही जावो, आपण सा सोडायचा नाही. दर कॉर्डला एकच प्रश्न विचारायचा : आता सा बसतो आहे की खटकतो आहे?

पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका माझ्याकडे येत असत. मंडळातल्या तरुण मुलांनी कीबोर्ड आणि गिटार आणल्यामुळे ती मुले मागे काय वाजवतात हे त्यांना समजून घ्यायचे होते. मी काळी दोनमध्ये पहिली, सहावी, चौथी आणि पाचवी अशा चार कॉर्ड, प्रत्येकी चार मात्रा, वाजवू लागले आणि त्यांना डोळे मिटून सा धरायला सांगितले. तीन कॉर्ड होईपर्यंत त्यांचा सा दोरीसारखा सरळ चालला. चौथ्या वेळी त्यांचा आवाज थरथरला, निषादाकडे ओढला गेला आणि ते थांबले. "ताई, माझा सा हलला का?" त्यांनी काहीशा अपराधी स्वरात विचारले. मी म्हटले, "हलला काका, आणि तो हलला त्याच क्षणी पाचवी आली." तोच क्रम मी त्यांना अकरा-बारा वेळा ऐकवला. शेवटी शेवटी ते सा न सोडता, पाचवी आली की नुसते बोट वर करून दाखवू लागले. आयुष्यभर तानपुऱ्याच्या शेजारी बसलेल्या त्या कानाला नवे काही शिकावे लागले नाही. जे येत होते तेच त्याने दुसऱ्या ठिकाणी वापरले.

यामागचे कारण अगदी साधे आहे. पहिली कॉर्ड सा-ग-प, चौथी म-ध-सा आणि सहावी ध-सा-ग या तिन्हींमध्ये सा आहे, म्हणून तो बसतो. पाचवी प-नि-रे आणि तिसरी ग-प-नि यांच्यात सा नाही, उलट त्याला अर्ध्या स्वराने खेटून असलेला शुद्ध निषाद आहे, म्हणून सा तीव्रपणे खटकतो. दुसरी कॉर्ड रे-म-ध ही मधली आहे : तिच्यात सा नाही, पण त्याला लागून असलेला रिषभ पूर्ण स्वराच्या अंतरावर आहे, त्यामुळे खटका जाणवतो तो सौम्य. अर्ध्या स्वराचा खटका आणि पूर्ण स्वराचा खटका यांतला फरक गळ्याला अक्षरशः स्पर्शासारखा कळतो आणि एकदा कळला की विसरत नाही.

ही परीक्षा पहिल्यांदा करून पाहण्यासाठी बारा मात्राखंडांचा ब्लूज हा अमेरिकन गीतप्रकार मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात मूळ कॉर्ड तीनच असतात. पहिले चार खंड पहिली, पुढचे दोन चौथी, दोन पुन्हा पहिली, मग नवव्या खंडात पाचवी, दहाव्यात चौथी आणि शेवटचे दोन पहिली, असा त्याचा मूळ साचा आहे. सा धरून ऐकले तर पहिले आठही खंड तो निवांत बसून राहतो आणि नवव्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर खटकतो. चौथी कॉर्ड आल्याचे मात्र एवढ्याने कळत नाही, आणि म्हणून दुसरी परीक्षा लागते.

दुसरी परीक्षा ग आणि म यांची आहे. सा बसतो आहे असे ठरले की पुढच्या आवर्तनात सा ऐवजी गंधार धरावा. पहिली आणि सहावी कॉर्ड आली की गंधार बसेल, चौथी आली की तो मध्यमाशी अर्ध्या स्वराने घासेल. सा खटकत असेल तेव्हा रे धरून पाहावा : तो पाचवीत निर्धास्त बसतो, तिसरीत मात्र गंधाराला लागून असल्यामुळे थोडा अवघडतो. लोकप्रिय गाण्यांत तिसरी कॉर्ड पाचवीपेक्षा पुष्कळ कमी वेळा येते, म्हणून शंका असेल तर आधी पाचवी धरून तपासायला हरकत नाही.

येथपर्यंत आल्यावरही एक जोडी सुटत नाही आणि माझ्या मते हीच अडचण परत परत येण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. पहिली आणि सहावी या कॉर्डमध्ये सा आणि ग हे दोन स्वर सामाईक आहेत. फरक फक्त प आणि ध यांचा, आणि तोही पूर्ण स्वराचा, म्हणजे सौम्य. गिटार शिकणाऱ्या एका मुलाने १-६-४-५ हा क्रम वहीत १-१-४-५ असा लिहून आणला होता आणि तो त्या गाण्याबरोबर कित्येक दिवस तसेच वाजवत होता. त्याला काहीही चुकल्यासारखे वाटले नाही, कारण सहावीवर पहिली वाजवली की सा-ग-प-ध असा स्वरसमूह तयार होतो आणि तो कानाला गोडच लागतो. चौथीच्या जागी दुसरी वाजवली तरी रे-म-ध-सा असा गोड समूहच ऐकू येतो. गाण्याबरोबर वाजवून पाहिले आणि जुळले, ही आपली नेहमीची खात्री करण्याची रीत नेमकी याच दोन जागी फसवते. चूक खटकत नसल्यामुळे ती दुरुस्त होत नाही, आणि न दुरुस्त झालेली चूक कान बरोबर म्हणून लक्षात ठेवतो.

या जोड्या सोडवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे बास, म्हणजे साथीतला सर्वांत खालचा स्वर. पहिलीच्या खाली बहुतेक वेळा सा असतो, सहावीच्या खाली ध, चौथीच्या खाली म आणि दुसरीच्या खाली रे. बास ऐकू येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी तो ऐकायला सांगत नाही, गायला सांगते. बासचा स्वर आपल्या मध्य सप्तकात आणून गळ्याने म्हणावा, आणि तोही प्रत्येक मात्रेचा न घेता केवळ समेवरचा घ्यावा, कारण केरव्याच्या आठ मात्रांत कॉर्ड बहुधा समेवर किंवा पाचव्या मात्रेवर बदलते आणि बास वाजवणारा त्या जागी बहुधा कॉर्डचा मूळ स्वर देतो. मधल्या मात्रांत तो नक्षीकाम करतो. त्याच्या मागे लागले की गोंधळ वाढतो. त्या गिटारच्या मुलाला मी चार आवर्तने फक्त समेवरचा बास गायला लावला. तिसऱ्या आवर्तनात त्याने "सा… ध… म… प" असे म्हटले, वहीकडे पाहिले आणि दुसऱ्या खणातला १ खोडून त्यावर ६ लिहिला.

याच सरावासाठी योहान पाखेलबेल या जर्मन संगीतकाराची 'कॅनन' ही रचना फार उपयोगी आहे. त्यात सा, प, ध, ग, म, सा, म, प ही आठ स्वरांची बासची ओळ अखंड फिरत राहते; ती २८ वेळा येते आणि वरच्या तीन व्हायोलिनचे काम गुंतागुंतीचे होत गेले तरी ती बदलत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत ओळ पकडावी आणि वरची व्हायोलिन कितीही ओढत असली तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या ती सोडू नये. चालीपासून लक्ष सोडवून घेण्याचा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

बासवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांची मात्र एक ठरावीक चूक होते. पहिली कॉर्ड वाजत असताना बास गंधारावर असू शकतो आणि पाचवी वाजत असताना तो निषादावर असू शकतो. सा-नि-ध-प असा पायरीपायरीने उतरणारा बास आपण कितीतरी गाण्यांत ऐकतो आणि त्यातल्या निषादावर बहुतेकदा पाचवी कॉर्डच असते. स्वरांची मांडणी उलटसुलट झाली तरी कॉर्डचा मूळ स्वर तोच राहतो, हा विचार फ्रेंच संगीतकार ज्याँ-फिलिप रामो याने १७२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्धतशीर मांडला. तपासणी सोपी आहे. बासमध्ये गंधार ऐकू आला की पुन्हा सा धरावा. सा बसला तर ती पहिली कॉर्ड गंधारावर उभी आहे, खटकला तर ती खरोखर तिसरी आहे. म्हणून मी बासला सा च्या परीक्षेनंतर जागा देते, आधी नाही.

दुसरा सापळा पाचवीच्या दाराशी असतो. पुष्कळ गाण्यांत पाचवी येण्याआधी प-सा-रे अशी कॉर्ड दोन मात्रा थांबते आणि मग तिच्यातला सा निषादावर उतरतो. त्या दोन मात्रांत सा अर्थातच बसतो, म्हणून शिकणारा तिला चौथी किंवा पहिली समजतो. गिटार वाजवणारे या कॉर्डला सस फोर म्हणतात. बासमध्ये पंचम असूनही सा बसतो आहे आणि पुढच्याच क्षणी खटकतो आहे, असे झाले तर शंभरातल्या बहुतेक वेळा हीच कॉर्ड असते.

या सगळ्याचा पाया सा आहे, म्हणून सा च चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि ते एकाच हिशेबाने चुकतात. आपल्याकडची पुष्कळ भावगीते आणि चित्रपटगीते मायनर वळणाची असतात आणि त्यांचा सा शोधताना कान तीन अर्धस्वर वरच्या स्वराला सा मानून बसतो, कारण खऱ्या सा वरच्या मायनरला आणि त्या वरच्या स्वरावरच्या मेजरला लागणारे स्वर तेच असतात. सतत सहाव्या कॉर्डवरच गाणे सुरू होते आणि संपते आहे असे वहीत दिसू लागले की समजावे, त्या सहावीचा मूळ स्वर हाच खरा सा आहे. गाणे मध्येच बंद करून, कोणत्या स्वरावर थांबले तर संपल्यासारखे वाटेल ते गुणगुणून पाहावे. सा बदलल्यावरही परीक्षा तीच राहते, कारण मायनरमध्येसुद्धा पहिली, चौथी आणि कोमल धैवतावरची सहावी या कॉर्डमध्ये सा असतो. फक्त इतर कॉर्डमधला निषाद अनेकदा कोमल असल्यामुळे खटका सौम्य होतो.

कॉर्ड नावांनी लिहिण्याची सवयही याच ठिकाणी आड येते. सी, जी, ए मायनर, एफ असा क्रम पाठ केलेल्या मुलाला तेच गाणे काळी चारमध्ये गायले गेले की ओळखू येत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातले स्टुडिओ वादक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॉर्ड आकड्यांत लिहीत आले आहेत, कारण गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी आकडे बदलत नाहीत. सरगम ज्याच्या तोंडी आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते : प्रत्येक गाण्याखाली कॉर्डचा क्रम असतोच असे नाही. पंचवटीत, जेथे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला, तेथल्या भजनांत किंवा एखाद्या रागदारी पदात जमीन स्थिर सा-प ची असते आणि तिथे कॉर्ड शोधत बसणे म्हणजे नसलेली वस्तू हुडकणे आहे. भूप रागाच्या पाच स्वरांतून फक्त दोनच पूर्ण कॉर्ड तयार होतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. चौथी किंवा पाचवी लावायची तर रागाबाहेरचा मध्यम किंवा निषाद आणावाच लागतो. मालकंसात पंचमच नसल्यामुळे सा वरची पूर्ण कॉर्डच होत नाही, आणि कोमल धैवतावरची मेजर कॉर्ड जरा जास्त वेळ धरली की कानाला कोमल धैवतच सा वाटू लागतो आणि मालकंस भूपासारखा ऐकू येतो. भजनी मंडळातल्या मुलांना मी हे वाजवूनच दाखवले. अशा पदांत कॉर्ड ओळखू आली नाही तर दोष आपल्या कानाचा नसतो.

सरावाविषयी थोडक्यात सांगते. रोज एकच गाणे, त्यातही फक्त ध्रुवपद, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. पहिल्या फेरीत कॉर्ड कोणती याचा विचारही न करता, ती जिथे बदलते तिथे मांडीवर टिचकी मारावी. दुसऱ्या फेरीत सा, तिसऱ्या फेरीत ग, चौथ्या फेरीत समेवरचा बास. उत्तर वहीत लिहून झाल्याशिवाय इंटरनेटवर तयार कॉर्ड पाहू नयेत. आधी पाहिले की कान ऐकत नाही, वाचलेलेच ऐकल्यासारखे करतो; शिवाय त्या तयार याद्यांत पहिली-सहावी आणि चौथी-दुसरी यांची अदलाबदल मला वारंवार आढळली आहे.

काही आठवड्यांनी अशी एखादी जागा येतेच की जिथे या परीक्षांतून निघालेली कॉर्ड लावूनही ती धड बसत नाही. तेव्हा गोंधळून सगळी वही खोडू नये. ती कॉर्ड पट्टीबाहेरच्या स्वराची असू शकते आणि मेजर वळणाच्या गाण्यांत अशा कॉर्डचे दोन प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. एक म्हणजे चौथीच मायनर होऊन येते, म-ध-सा मधला धैवत कोमल होतो आणि सा बसूनही मन खाली उतरल्यासारखे होते. दुसरा प्रकार म्हणजे तिसरी मेजर होऊन येते, ग-प-नि मधल्या पंचमाची जागा अर्धा स्वर वरचा कोमल धैवत घेतो आणि तिच्या पाठोपाठ जवळजवळ हमखास सहावी येते. काकांना यांतली पहिली मागच्या महिन्यात एका भक्तिगीतात सापडली. त्यांनी गाणे थांबवून विचारले, "ताई, सा बसतोय, मग धैवत का उतरला?" आणि माझे उत्तर येण्याआधीच पेटीवर म, कोमल ध आणि सा या तीन पट्ट्या दाबून ते ऐकत बसले.